व्यासपीठापासून कानापर्यंत : श्रवणयंत्र आणि बिनतारी ऐकण्याचा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेला माणूस श्रवणयंत्रांवर बोलायला उभा राहिला, की लोकांना दोन शंका येतात. एक तर त्याच्या कानात यंत्र असणार, नाहीतर त्याच्याकडचे विषय संपले असणार. पहिली शंका खरी आहे. आम्ही सत्तरी ओलांडली आणि दोन्ही कानांत यंत्रं आली. दुसरीबद्दल व्याख्यान संपल्यावर तुम्हीच ठरवा.

आज कानाची तक्रार मांडायची नाही, एक प्रश्न मांडायचा आहे. यंत्र लावलेला माणूस घरात समोरासमोर छान बोलतो. मग तोच माणूस जळगावात किंवा धुळ्यात व्याख्यानाला गेला, की चौथ्या-पाचव्या रांगेत बसून नुसती मान का डोलावतो? ह्या प्रश्नावर जगात गेली जवळजवळ नव्वद वर्षं उत्तरं शोधली जाताहेत, आणि बरीच सापडलेली आहेत. आपल्या सभागृहांत मात्र ती आम्हाला क्वचितच भेटतात.

आधी आमच्या जुन्या धंद्यातलं थोडं सांगू द्या. शब्द कानापर्यंत कसा पोचतो, ह्यावर आपल्या नैयायिकांनी बारकाईने वाद घातलेला आहे. सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननाच्या कारिकावलीत दोन मतं दिलेली आहेत. एक वीचीतरंगन्याय : पाण्यात खडा पडला की एका लाटेतून दुसरी, दुसरीतून तिसरी निघते, तसा शब्दातून शब्द निघत जातो. दुसरा कदंबगोलकन्याय : कदंबाच्या गोलावर जशा सगळ्या बाजूंना कळ्या फुटतात, तसा शब्द दाही दिशांना फुटतो. दोन्ही मतांचा निष्कर्ष मात्र एकच आहे. बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेला पहिला शब्द आपण ऐकतच नाही. तो तिथल्या तिथे संपतो. आपल्या कानाशी येते ती त्या मालिकेतली शेवटची लाट.

शब्द हा आकाशाचा गुण, वगैरे त्यांचं भौतिकशास्त्र आज कोणी मानणार नाही. पण शेवटच्या लाटेची गोष्ट मोलाची आहे, कारण श्रवणयंत्राची सगळी अडचण तिच्यात सामावलेली आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर साधं बोलणं साधारण ६० ते ६५ डेसिबल भरतं. आठ मीटरवर, म्हणजे तीनदा दुप्पट झाल्यावर, त्यातले १८ डेसिबल गेलेले असतात. बंदिस्त सभागृहात उतार इतका सरळ नसतो. तिथे भिंतीवरून, छतावरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो. म्हणजे पातळी टिकते पण शब्द चिखलात रुततात. त्यात पंखे, खुर्च्यांची करकर, मागे कुणाची तरी कुजबुज. श्रवणयंत्राचा माइक बसलेला आहे तुमच्या कानावर, म्हणजे प्रवासाच्या शेवटच्या टोकाला. तिथे पोचलेली थकलेली लाट तो मोठी करतो, आणि तिच्यासोबत आलेला पंखाही मोठा करतो. आजची चांगली यंत्रं हा गोंगाट बऱ्यापैकी निवडून काढतात, आम्ही नाकारत नाही. पण जे वाटेतच सांडलं, ते शेवटच्या टोकाला बसून परत कसं मिळवणार?

वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणाची आणखी एक खोड आहे. त्यात आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते राहतात. स, श, च, थ, फ ह्यांची सुसकारणारी, फुंकरीची बाजू जाते. म्हणून ‘सात’ म्हटलं की ‘साठ’ ऐकलं का ‘साथ’, ह्याचा पत्ता लागत नाही. आमच्याकडची म्हातारी माणसं अहिराणीत हे नेमकं सांगतात : माले आयकू येस, पन समजस नही. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. अशा माणसाला मोठ्याने ओरडून सांगणं म्हणजे स्वर आणखी मोठे करणं. व्यंजनं होती तिथेच राहतात, आणि घरात भांडण लागतं ते वेगळं.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. खानदेश हा कानाचा प्रदेश आहे, असं आम्ही म्हणतो तेव्हा काही लोक हसतात. पण बघा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या जे म्हणत गेल्या ते जवळच्यांनी ऐकलं, मुलाने आणि नातलगाने उतरवून घेतलं, म्हणून १९५२ साली पुस्तक झालं. ऐकणारा जवळ नसता तर काहीच उरलं नसतं.

दुसरं उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातलं. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून, ओळीने अठरा रविवार, विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली. अठरा अध्याय, अठरा रविवार. समोर राजबंदी बसलेले, आणि त्यांत साने गुरुजी. ते अमळनेरचे शिक्षक, त्याआधी अमळनेरच्याच तत्त्वज्ञान मंदिरात शिकलेले. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना त्या संस्थेचा, म्हणजे प्रताप शेठजींनी १९१६ साली सुरू केलेल्या केंद्राचा, अभिमान वाटतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. गुरुजींनी ती प्रवचनं बोलता बोलता लिहून घेतली. विनोबांचा आवाज ज्यांच्या कानावर कधीच पडला नाही, अशा लाखो लोकांना ‘गीता प्रवचने’ मिळाली ती त्या लेखणीमुळे. आम्ही ह्याकडे ऐकण्याच्या साधनांच्या इतिहासातला एक टप्पा म्हणून बघतो. गुरुजी बोलणाऱ्याजवळ बसले आणि त्यांनी पहिली लाट पकडली. हे व्याख्यान तुमच्यातले काही जण आता पडद्यावर वाचताहेत, ऐकत नाहीयेत. तेही त्याच परंपरेत बसतं.

कान जातात कशाने, हेही आपल्या मुलुखाला ठाऊक आहे. म्हातारपण सगळीकडे सारखंच. पण अमळनेर, धुळे, जळगाव इथल्या कापडगिरण्या, धुळ्याचे यंत्रमाग, भुसावळचं रेल्वेचं शेड, भुसावळ-वरणगावचे आयुध कारखाने, इथे आयुष्य काढलेल्या माणसांचे कान म्हातारपणाच्या आधीच थकतात. मागांच्या खात्यात माणसं ओठ वाचून आणि हातवाऱ्यांनी बोलतात. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. कामगार मात्र त्याला रोग म्हणत नाही. ‘खात्यात होतो ना,’ एवढंच म्हणतो. ह्या विषयावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. आज इथेच सोडतो.

विनोबांच्या प्रवचनांच्या आसपासची पाच-सहा वर्षं आमच्या कथेत फार महत्त्वाची आहेत. १९३२ धुळे. १९३३ साली सरकारने बिनतारी यंत्रांचा कायदा केला. १९३६ च्या डिसेंबरात जळगाव जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या पूर्व खानदेशातल्या, फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. आणि १९३७ साली इंग्लंडात जोसेफ पोलियाकॉफ नावाच्या गृहस्थांनी एक पेटंट घेतलं. ह्या चार गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, ते सांगतो.

सभा मोठ्या झाल्या तसा ध्वनिक्षेपक आला. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवण्यात मोटवाने कुटुंबाच्या मुंबईतल्या ‘शिकागो रेडिओ’चं नाव त्या काळी गाजलेलं होतं. कर्ण्याने एक मोठं काम केलं. हजारो माणसांना एक आवाज ऐकू आला, आणि पहाडी आवाज नसलेल्या माणसालाही पुढारी होता आलं. पण ज्याचा कान अधू, त्याचं कर्ण्याने फारसं भलं केलं नाही. कर्णा म्हणजे सभागृहातला दुसरा बोलणारा, जास्त मोठ्या घशाचा. त्याचाही आवाज भिंतींवर आपटतो, घुमतो, लांबच्या खुर्चीपर्यंत येता येता विरतो. पातळी वाढते, स्पष्टता वाढेलच असं नाही. आपल्याकडे अजूनही ‘ऐकू येत नाही’ अशी तक्रार आली की आवाजाची बटणं सांभाळणारा पोरगा आवाज वाढवतो. त्याचा दोष नाही, त्याला तेवढंच शिकवलेलं असतं.

पोलियाकॉफ यांची कल्पना वेगळी होती. ते श्रवणयंत्रं बनवणाऱ्या मल्टिटोन कंपनीचे संस्थापक. खोलीच्या कडेने तारेचं एक वेटोळं फिरवायचं आणि ॲम्प्लिफायरमधून निघालेला विद्युतप्रवाह कर्ण्याऐवजी ह्या वेटोळ्यात सोडायचा. वक्त्याच्या बोलण्याबरहुकूम खोलीत चुंबकीय क्षेत्र हेलकावे खातं. कानातल्या यंत्रात तांब्याच्या बारीक तारेची एक गुंडाळी बसवलेली असली, की फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या नियमाने तिच्यात तोच प्रवाह उमटतो. ह्या वाटेवर हवाच नाही. भिंत नाही, पंखा नाही, शेजाऱ्याचा खोकला नाही. वक्त्याच्या तोंडापाशी माइकने पकडलेली पहिली लाट थेट तुमच्या कानात. यंत्रातल्या ह्या गुंडाळीला टेलिकॉइल म्हणतात, कारण मूळ उपयोग टेलिफोनच्या रिसीव्हरमधून झिरपणारं चुंबकत्व पकडण्याचा.

आपल्यातल्या वयस्कांना ते खिशात ठेवायचं जुनं यंत्र आठवत असेल. सदऱ्याच्या खिशात काडेपेटीएवढी डबी, तिच्यातून कानापर्यंत वळकट्या पडलेली दोरी. तशा बऱ्याच डब्यांवर एक खटका असे, त्यावर इंग्रजी ‘एम’ आणि ‘टी’ अशी अक्षरं. एम म्हणजे माइक, टी म्हणजे ही गुंडाळी. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी अशी डबी वर्षानुवर्षं वापरली. टी ह्या अक्षराचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता. चुकून खटका तिकडे सरकला की यंत्र ‘मेलं’ असं समजून ते डबी आपटायचे. सांगूनही उपयोग काय होता म्हणा. खटका होता पण त्याला जोडीदार असलेलं वेटोळं कुठल्या सभागृहात होतं? लंडनमध्ये टॅक्सीतसुद्धा अशी वेटोळी बसलेली आहेत. आपण अर्धं तंत्र विकत घेतलं, तेही नकळत.

आता ती १९३३ ची गोष्ट. त्या कायद्याने बिनतारी उपकरण परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा ठरला. घरच्या रेडिओचंही लायसन पोस्टात जाऊन काढावं लागायचं, हे आमच्या पिढीने पाहिलंय. ते बंद झालं ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. ब्रिटिश सरकारला बिनतारीची भीती का वाटत होती, ते १९४२ ला दिसलं. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला आणि त्या खटल्यात शिकागो रेडिओच्या नानिक मोटवाने यांनाही आरोपी करण्यात आलं. सत्ता बदलली तरी कायदा राहिला. ऐकू न येणाऱ्या माणसासाठीही रेडिओलहर वापरायची म्हटली, की तीच चौकट आड यायची.

परदेशात साठ-सत्तरच्या दशकांत बहिऱ्या मुलांच्या वर्गांत रेडिओलहरींची साधनं शिरली. बाईंच्या गळ्यात माइक आणि प्रेषक, मुलांच्या छातीवर ग्राहक. बाई फळ्याकडे वळल्या तरी आवाज कानात. त्याला एफएम पद्धत म्हणत. आपल्याकडच्या शाळांत मुख्यतः सामूहिक यंत्र असे, म्हणजे एक ॲम्प्लिफायर आणि प्रत्येक बाकाला वायरने जोडलेला हेडफोन. ह्या सगळ्या प्रयत्नांचं तोंड मुलांकडे होतं, आणि ते योग्यच. भाषा शिकायच्या वयात कान बंद राहिला तर नुकसान भरून निघत नाही. मुंबईला १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था निघाली, तिने माणसं तयार केली. पण ज्याची भाषा पक्की आहे, ज्याने चाळीस वर्षं नोकरी केली, संसार केला, आणि मग ज्याचा कान गेला, असा प्रौढ माणूस ह्या विचारात उशिरा आला. त्याला यंत्र दिलं की काम झालं, अशी समजूत राहिली.

कायद्याची भाषाही काहीशी तशीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना ७० डेसिबलचा दोष असेल तर बधिर, आणि ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा, अशी व्याख्या आहे. ज्याचा दोष ५० डेसिबलचा, तो ह्या व्याख्येत नाही. पण प्रत्यक्षात सभागृहात मान डोलावणारा माणूस बहुधा हाच! पन्नासवाला शांत खोलीत यंत्राशिवायही रेटून नेतो. अंतर आणि गोंगाट आला की तो हरतो. डेसिबलचा आकडा कानाची अवस्था सांगतो, खोलीची सांगत नाही. तसंच भाषेचं. घरात जन्मभर अहिराणी बोललेल्या बाईला प्रमाण मराठीतले सुटे शब्द ऐकवून तपासलं, तर निकाल कानाचा आला की भाषेचा, ते तपासणाऱ्याने स्वतःला विचारलं पाहिजे.

२००५ साली एक शांत क्रांती झाली. केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली कमी शक्तीची उपकरणं परवान्यातून मोकळी केली. ब्लूटूथ, वायफाय हे सगळं ह्याच पट्ट्यातलं. १९३३ पासूनचं ओझं ऐकणाऱ्याच्या खांद्यावरून असं गाजावाजा न होता उतरलं. २०१४ च्या सुमारास थेट आयफोनशी बोलणारी श्रवणयंत्रं बाजारात आली. आणि आज अंगठ्याएवढा माइक मिळतो, तो वक्त्याच्या कॉलरला अडकवायचा, की त्याचा आवाज थेट आपल्या यंत्रात. टीव्हीला जोडायची डबीही मिळते. ती सून आणि सासऱ्यांचा टीव्हीच्या आवाजावरून चाललेला तंटा मिटवते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. टीव्ही सगळ्यांसाठी बेताचा, सासऱ्यांच्या कानात हवा तेवढा.

हिशेब सोपा आहे. माइक तोंडापासून १५ सेंटिमीटरवर असला तर एक मीटरच्या मानाने आवाज जवळपास १६ डेसिबल जास्त मिळतो, तोही पंखा न वाढवता. यंत्र बदलून एवढी मजल मारणं अवघड. म्हणून ही साधनं यंत्राच्या जागी येत नाहीत, यंत्राच्या जोडीला येतात. कानाचा दोष यंत्राने भरायचा आणि अंतर बिनतारीने तोडायचं.

तरी अडचण उरते, आणि ती तांत्रिक नाही. धुळ्यात एका व्याख्यानाआधी आम्ही तो अंगठ्याएवढा माइक वक्त्यांकडे नेला. ‘जरा कॉलरला लावता का, आम्हाला ऐकू येईल,’ म्हटलं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘रेकॉर्डिंग तर नाही ना करत?’ माणूस सज्जन, विद्वान. शेवटी त्यांनी लावला आणि त्या दिवशी आम्हाला अक्षर न् अक्षर कळलं. पण जाताना वाटलं, हे दर वेळी कोण करणार? मंचावर चढून, परक्या माणसाच्या गळ्याशी हात नेऊन, आपला बहिरेपण जाहीर करून मग ऐकायचं. आमच्या वयाचे बहुतेक लोक त्यापेक्षा घरी बसणं पसंत करतात. व्याख्यानमालेचे आयोजक म्हणतात, ‘जुने श्रोते कमी झाले, वय झालं त्यांचं.’ वय झालं हे खरं. पण रिक्षात बसून सभागृहापर्यंत येण्याचं बळ त्यांच्यात असतं. ते सुटतात, ते तिथे येऊन काही कळत नाही म्हणून.

ह्याला उत्तर म्हणून सभागृहानेच आवाज प्रसारित करावा, ही पोलियाकॉफची कल्पना आता नव्या रूपात परत आली आहे. २०२२ मध्ये ब्लूटूथच्या संघटनेने ‘ऑराकास्ट’ जाहीर केलं. आधीचं ब्लूटूथ एकास एक, म्हणजे फोनसारखं. हे एकास अनेक, म्हणजे आकाशवाणीसारखं. सभागृहापुरतं एक छोटं केंद्र, आणि ज्याच्या यंत्रात सोय आहे त्याने ते लावायचं. कोणाला विचारायला नको, मंचावर चढायला नको.

पण घाई नको. आज लोकांच्या कानात असलेल्या कितीतरी यंत्रांना ऑराकास्ट कळत नाही. दुसरीकडे यंत्रं बारीक करण्याच्या नादात टेलिकॉइल काढून टाकायची चाल पडली आहे. म्हणजे जुनी सोय जातेय आणि नवी अजून आलेली नाही, अशा मधल्या काळात आपण आहोत. म्हणून यंत्र घेताना दुकानात दोन प्रश्न जरूर विचारा : ह्यात टेलिकॉइल आहे का, आणि ती सुरू करून देणार का? असूनही बंद ठेवलेली असते. ऑराकास्टबद्दलही विचारा, आणि ‘पुढे येईल’ ह्या उत्तरावर पैसे मोजू नका. नवं सभागृह बांधणाऱ्यांना, जुन्याची फरशी बदलणाऱ्यांना आमचं सांगणं आहे की तारेचं वेटोळं फरशी घालण्याआधी टाका. नंतर उकरून टाकायचं म्हटलं की कोणी टाकत नाही. जवळ स्टीलचं बांधकाम असेल तर चुंबकीय क्षेत्र खाल्लं जातं, तेव्हा जाणकाराकडून मोजून घ्या. वेटोळ्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, अंदाजाने करायचं काम नाही ते. आणि दारावर कानाचं चिन्ह लावा, नाहीतर आमच्या मास्तरांच्या खटक्यासारखं व्हायचं.

शेवटी एक मर्यादा. बिनतारी साधन फक्त माइकपाशी बोललेलंच पोचवतं. श्रोत्यांतून कोणी जागेवरून प्रश्न विचारला, तर वेटोळ्यातून ऐकणाऱ्याला फक्त उत्तर ऐकू येतं, प्रश्न नाही. तेव्हा आता प्रश्नोत्तरं घेताना फिरता माइक हातात आल्याशिवाय कोणी बोलू नये, आणि माइक पोचला नाही तर प्रश्न आम्ही इथून पुन्हा वाचून दाखवू. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.